दोन नोकऱ्या, एक करदाता

मुंबईहून पुण्याकडे आणि कोकणाकडे जाणाऱ्या वाटा जेथे फुटतात, तेथे वसलेले पनवेल हे रायगड जिल्ह्यातील एक जुने व्यापारी शहर होय. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर भातशेती आणि बाजारपेठ यांवर जगणाऱ्या या परिसराचे रूप झपाट्याने पालटत गेले. तळोजा व पाताळगंगा येथील औद्योगिक वसाहती, १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील बंदर, खारघर, कामोठे, कळंबोली या नव्या वसाहती आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये प्रवाशांसाठी खुले झालेले नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ यांमुळे येथे कामाच्या अनेक वाटा निर्माण झाल्या.

वाटा वाढल्या म्हणजे एकाच व्यक्तीने दोन कामे करण्याची शक्यताही वाढते. दिवसा कारखान्यात काम करणारा पदवीधर सायंकाळी शिकवणी वर्गात शिकवतो. गोदामातील हिशेबनीस सुटीच्या दिवशी दुसऱ्या पेढीचे हिशेब लिहितो. निवृत्त शिक्षक खाजगी संस्थेत पुन्हा रुजू होतो. गावातील शेतकरी पावसाळ्यात भात लावतो आणि उरलेले आठ महिने बंदराच्या कामावर जातो. वाढत्या संसारखर्चाला हातभार लावणारा हा उद्योग कौतुकास्पदच आहे. मात्र दोन ठिकाणी मिळणाऱ्या मोबदल्याबरोबर कराचे दायित्वही येते, आणि ते नेमके काय आहे याची पुरेशी जाणीव सर्वांना असतेच असे नाही. "पगारातून जे कापायचे ते कचेरीने कापलेच असेल," अशा समजुतीने अनेकजण निर्धास्त राहतात. एकच नोकरी असेल तर ही समजूत बहुधा खरी ठरते. नोकऱ्या दोन झाल्या की तीच समजूत महागात पडते.

कर व्यक्तीवर, नोकरीवर नव्हे

ज्याला बोलीभाषेत आपण इन्कम टॅक्स म्हणतो, तो प्राप्तिकर भारतात प्रथम १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी लागू केला. त्यानंतर कायदे अनेकदा बदलले. १९६१ चा प्राप्तिकर अधिनियम १ एप्रिल १९६२ पासून दीर्घकाळ देशाचा आधारभूत कायदा राहिला, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या नवीन अधिनियमाच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही ठरविण्यात आली. नव्या कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले, 'मागील वर्ष' व 'करनिर्धारण वर्ष' या दोन संज्ञांऐवजी 'करवर्ष' ही एकच सुटसुटीत संज्ञा आणली. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. हा कर एखाद्या नोकरीवर नसून व्यक्तीच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नावर आहे. त्या व्यक्तीचे उत्पन्न किती दारांनी घरात आले, याला कायद्याच्या दृष्टीने महत्त्व नाही. सर्व दारांनी मिळून किती आले, याला आहे.

अडचण निर्माण होते ती करकपातीच्या वेळी. प्रत्येक नियोक्त्यावर आपल्या कर्मचाऱ्याच्या पगारातून उगमस्थानी कर कापण्याची, म्हणजेच टीडीएसची, जबाबदारी असते. तथापि, त्याला केवळ आपण दिलेलाच पगार ठाऊक असतो. दुसऱ्या नियोक्त्याचा पगारपट त्याच्यापुढे नसतो. परिणामी करमुक्त मर्यादा, कमी दराचे पहिले टप्पे, प्रमाणित वजावट आणि कमी उत्पन्नावरील कर-सूट या सर्व सवलती एकाच व्यक्तीला दोनदा दिल्या जातात. दोन्ही नियोक्ते आपापल्या जागी बरोबर असतात. चूक असते ती बेरजेची, आणि बेरीज करणारा तिसरा कोणी नसतो.

एक उदाहरण

हा मुद्दा आकड्यांनी अधिक स्पष्ट होईल. नमुन्यादाखल पनवेल येथे राहणाऱ्या एका रसायनशास्त्राच्या पदवीधराचे उदाहरण घेऊ. तो एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो व त्याला दरमहा ७५,००० रुपये पगार आहे. सायंकाळी आणि रविवारी तो एका शिकवणी वर्गात पगारी अध्यापक असून तेथे त्याला दरमहा ४५,००० रुपये मिळतात. त्याने नवी कर प्रणाली स्वीकारली आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी या प्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने ३० टक्क्यांपर्यंत दर आहे. पगारदारास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. करपात्र उत्पन्न १२ लाखांपेक्षा अधिक नसेल तर कर-सुटीमुळे प्रत्यक्ष देय कर शून्यावर येतो.

कारखान्याच्या हिशेबाप्रमाणे त्याचा वार्षिक पगार ९,००,००० रुपये. वजावटीनंतर ८,२५,००० रुपये उरतात. ही रक्कम १२ लाखांच्या आत असल्याने करकपात शून्य. शिकवणी वर्गाच्या हिशेबाप्रमाणे वार्षिक पगार ५,४०,००० रुपये. वजावटीनंतर ४,६५,००० रुपये. येथेही करकपात शून्य.

आता दोन्ही पगारांची बेरीज करू. ती १४,४०,००० रुपये होते. प्रमाणित वजावट एकदाच मिळते. ती वजा जाता करपात्र उत्पन्न १३,६५,००० रुपये ठरते. ते १२ लाखांच्या वर गेल्याने कर-सूट लागू होत नाही. ४ ते ८ लाखांवर २०,००० रुपये, ८ ते १२ लाखांवर ४०,००० रुपये आणि उरलेल्या १,६५,००० रुपयांवर १५ टक्क्यांनी २४,७५० रुपये, असा एकूण ८४,७५० रुपये कर होतो. त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकराचे ३,३९० रुपये मिळवले म्हणजे देय रक्कम ८८,१४० रुपये.

दोन्ही कचेऱ्यांनी एक पैसाही कापला नाही, आणि तरीही वर्षअखेर ८८,१४० रुपयांचे देणे उभे राहिले. ज्या कुटुंबाने दुसऱ्या पगाराचा प्रत्येक रुपया घराच्या हप्त्यात किंवा मुलांच्या फीमध्ये खर्च केला असेल, त्याच्यावर जुलै महिन्यात ओढवणाऱ्या संकटाची यावरून कल्पना यावी. यात भर पडते ती व्याजाची. सदर व्यक्तीने वर्षभरात काहीही न भरता जुलैअखेर विवरणपत्र भरताना सारी रक्कम भरली, तर आगाऊ कर न भरल्याबद्दल सुमारे साडेतीन हजार आणि त्याचे हप्ते चुकविल्याबद्दल सुमारे साडेचार हजार, असे आठ हजारांच्या आसपास व्याज तिला द्यावे लागते. हे व्याज पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे.

कायद्याने दिलेला मार्ग

अशा प्रसंगासाठी कायद्यात सोय आहे, परंतु तिचा लाभ मागून घ्यावा लागतो. एकाच वेळी दोन किंवा अधिक नियोक्त्यांकडे काम करणारी व्यक्ती त्यांपैकी कोणत्याही एका नियोक्त्याची निवड करून त्याला दुसऱ्या ठिकाणच्या पगाराची व तेथे झालेल्या करकपातीची माहिती विहित नमुन्यात देऊ शकते. १९६१ च्या अधिनियमात ही तरतूद कलम १९२ मध्ये होती व त्यासाठी १२-ब हा नमुना वापरला जात असे. माहिती मिळाल्यावर निवडलेला नियोक्ता दोन्ही पगारांची बेरीज करून एकत्रित रकमेवर कर कापतो. वरील उदाहरणातील अध्यापकाने एप्रिल महिन्यातच कारखान्याला अशी माहिती दिली असती, तर दरमहा ७,३४५ रुपये कापले गेले असते, वर्षअखेरीस काही देणे उरले नसते आणि व्याजाचा प्रश्नच आला नसता.

वर्षाच्या मध्येच एक नोकरी सोडून दुसरी धरणाऱ्यांनाही हाच नियम उपयोगी पडतो. नव्या नियोक्त्यास आधीच्या पगाराचा तपशील न दिल्यास तो आपल्याकडील महिन्यांचाच हिशेब करतो आणि सवलतींची तीच पुनरावृत्ती होते.

निवृत्त कर्मचाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. निवृत्तिवेतन हे प्राप्तिकराच्या दृष्टीने पगारच असते. निवृत्तीनंतर नवी नोकरी स्वीकारणाऱ्या शिक्षकाचे निवृत्तिवेतन देणारी बँक आणि नवी संस्था हे करकपात करणारे दोन वेगळे घटक ठरतात. तेव्हा बेरीज करण्याची जबाबदारी येथेही त्या शिक्षकावरच येते.

जुनी कर प्रणाली निवडणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक चूक संभवते. विमा, भविष्य निर्वाह निधी इत्यादी गुंतवणुकीच्या पावत्या दोन्ही कचेऱ्यांत सादर केल्या गेल्यास एकाच गुंतवणुकीची वजावट दोनदा मिळते. विवरणपत्रात ती एकदाच मिळणार असल्याने फरकाची रक्कम व्याजासह भरावी लागते. सबब गुंतवणुकीचा तपशील एकाच नियोक्त्यास द्यावा आणि कर प्रणालीची निवडही दोन्हीकडे एकच कळवावी.

इतर देशांतील पद्धती पाहिल्यास आपल्याकडील व्यवस्थेचे वेगळेपण लक्षात येते. ब्रिटनमध्ये १९४४ पासून पगारातून कर कापण्याची जी पद्धत आहे, तीत करखाते प्रत्येक नोकरीसाठी नियोक्त्याला एक संकेतांक देते. करमुक्त रक्कम सर्वसाधारणपणे पहिल्या नोकरीला जोडली जाते व दुसऱ्या नोकरीच्या पूर्ण पगारावर कर कापला जातो. अमेरिकेत कर्मचारी नोकरीच्या आरंभी जो नमुना भरून देतो, त्यात एकाहून अधिक नोकऱ्या असल्यास तसे सांगण्यासाठी स्वतंत्र भाग आहे. आपल्याकडे पुढाकार घ्यावयाचा आहे तो करदात्याने. कायद्याने त्याच्यावर विश्वास टाकला आहे.

आगाऊ कर

आपल्या दुसऱ्या नोकरीची माहिती पहिल्या कचेरीस देण्याची काहींची इच्छा नसते. तसे करणे कायद्याने सक्तीचेही नाही. अशा व्यक्तीपुढे दुसरा मार्ग आहे तो स्वतः आगाऊ कर भरण्याचा. करकपात वजा जाता वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक होणार असेल, तर तो चार हप्त्यांत भरावयाचा असतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण रक्कम. ६० वर्षे पूर्ण केलेल्या व धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी नागरिकांना आगाऊ करातून सूट आहे. कर मात्र त्यांनाही भरावाच लागतो.

माहिती न दिल्यास ती दडून राहील, असेही कोणी समजू नये. कायम खाते क्रमांक, म्हणजे पॅन, हा प्रत्येक नियोक्त्याकडे एकच असतो. नियोक्ते आपापली तिमाही विवरणे सादर करतात आणि बँकेतील व्याज, मोठे व्यवहार व करकपात यांच्या नोंदी त्या क्रमांकाखाली एकत्र येतात. २०२१ पासून उपलब्ध झालेल्या वार्षिक माहिती विवरणात करदाता स्वतःच या नोंदी पाहू शकतो. विवरणपत्र भरण्यापूर्वी त्या पाहून घेण्याची सवय अत्यंत हितावह ठरते.

व्यवसाय कर: उलटा प्रकार

प्राप्तिकराच्या बाबतीत दोन नोकऱ्यांमुळे कपात कमी होते. व्यवसाय कराच्या बाबतीत नेमके उलट घडते आणि कपात जास्त होते. हा कर महाराष्ट्र शासनाचा असून त्याचा १९७५ चा अधिनियम त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून लागू झाला.

या कराचा इतिहास पंचायत सदस्यांनी आवर्जून जाणून घ्यावा असा आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७२ च्या दुष्काळानंतर मोठ्या निधीची गरज होती. तो निधी उभारण्यासाठी जे उपाय योजण्यात आले, त्यांत व्यवसाय कर हा प्रमुख होता, आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमीसाठी वापरण्याची तरतूद त्या कायद्यातच करण्यात आली. पुढे योजनेचा स्वतंत्र कायदा १९७७ मध्ये होऊन तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील पगारदाराच्या पगारातून दरमहा जाणाऱ्या थोड्या रकमेचा संबंध दुष्काळी गावातील बांधबंदिस्तीवर राबणाऱ्या मजुराच्या मजुरीशी अशा रीतीने जोडला गेला. आपल्या पगारपत्रकावरील त्या लहानशा आकड्यामागे एवढी परंपरा आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ अन्वये कोणत्याही एका व्यक्तीवर राज्याला आकारता येणाऱ्या या कराची कमाल मर्यादा आरंभी वार्षिक २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये करण्यात आली. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासूनच्या दरांप्रमाणे दरमहा १०,००० रुपयांपेक्षा अधिक पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांकडून दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये घेतले जातात. महिला कर्मचाऱ्यांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. त्यापुढे त्यांनाही तोच दर लागू होतो.

आता आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. कारखाना नियमाप्रमाणे २,५०० रुपये कापतो आणि शिकवणी वर्गही नियमाप्रमाणे २,५०० रुपये कापतो. सदर अध्यापकाकडून ५,००० रुपये जातात. कायद्याने त्याचे दायित्व मात्र २,५०० रुपयांचेच आहे. यावरील उपायही अधिनियमातच सांगितला आहे. एकाच वेळी एकाहून अधिक नियोक्त्यांकडे काम करणाऱ्या व्यक्तीने स्वतः नावनोंदणी करून घ्यावी, कर स्वतः भरावा आणि आपण तसे करणार असल्याचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र नियोक्त्यांना द्यावे. असे प्रमाणपत्र मिळाल्यावर त्यांनी तिच्या पगारातून व्यवसाय कर कापावयाचा नसतो. नावनोंदणी व भरणा वस्तू व सेवाकर विभागाच्या संकेतस्थळावर होतो. आधीपासून नावनोंदणी असलेल्यांनी वर्षाचा कर ३० जूनपर्यंत भरावा लागतो. जादा कापलेल्या रकमेचा परतावा नंतर मागत बसण्यापेक्षा हे प्रमाणपत्र वेळीच देणे पुष्कळ सोपे आहे.

नोकरीच्या जोडीला दुकान, दलाली किंवा अन्य व्यवसाय असेल, तर अनुसूचीतील ज्या नोंदी त्या व्यक्तीला लागू होतात, त्यांपैकी सर्वाधिक दराचा कर एकदाच आकारला जातो. ६५ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तींना या करातून सूट आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, पगारातून गेलेल्या व्यवसाय कराची वजावट प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही.

दुसरे काम नोकरी नसेल तर

दुसरे काम म्हणजे नेहमी नोकरीच असते असे नाही. ठरावीक वेळ, वरिष्ठांचे नियंत्रण व पगार असेल तर ती नोकरी. कामापुरते मानधन किंवा फी मिळत असेल तर ते उत्पन्न बहुधा धंदा किंवा व्यवसाय या सदरात मोडते. अशा रकमेवर प्रमाणित वजावट मिळत नाही, पण त्या कामासाठी प्रत्यक्ष झालेला खर्च वजा करता येतो. एप्रिल २०२५ पासून वर्षाकाठी ५०,००० रुपयांपेक्षा अधिक व्यावसायिक फी देणाऱ्या कंपन्या व संस्था सामान्यतः १० टक्के कर कापतात. हा कापलेला कर म्हणजे अंतिम कर नव्हे. एकूण उत्पन्नाप्रमाणे तो कमीही पडू शकतो किंवा जास्त झाल्यास परतही मिळू शकतो. छोट्या धंद्यांसाठी व ठरावीक व्यवसायांसाठी अंदाजित नफ्यावर कर भरण्याची सुटसुटीत योजनाही आहे.

ग्रामीण भागातील वाचकांच्या मनात शेतीचा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरमुक्त आहे. तथापि, ते ५,००० रुपयांपेक्षा अधिक असून इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेल्यास, इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरविताना शेतीचे उत्पन्न विचारात घेतले जाते. म्हणून पगारदार शेतकऱ्याने ते विवरणपत्रात दाखविणे आवश्यक असते. पनवेल-उरण पट्ट्यात आणखी एक गैरसमज होण्याजोगा आहे. सातबारावर जमीन शेतीची असली तरी तिच्यावर कंटेनर ठेवण्यासाठी किंवा वाहने उभी करण्यासाठी जागा भाड्याने दिली असल्यास, ते भाडे शेतीचे उत्पन्न ठरत नाही. शेती करण्यातून मिळालेले उत्पन्नच शेतीचे. त्याचप्रमाणे सरपंच व उपसरपंच यांना मिळणारे मानधनही एकूण उत्पन्नात दाखवावयाचे असते.

परवानगी आणि कर

शासकीय अधिकारी-कर्मचारी व शिक्षक यांनी एक भेद स्पष्टपणे समजून घ्यावा. दुसरे काम करण्याची मुभा आहे की नाही, हा एक प्रश्न. त्यावर कर आहे की नाही, हा दुसरा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम १६ अन्वये शासकीय कर्मचाऱ्यास पूर्वपरवानगीविना खाजगी व्यापार किंवा नोकरी करता येत नाही. कर्तव्यात बाधा येत नसल्यास प्रासंगिक वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय कामाला वाव ठेवण्यात आला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २८ ने शिक्षकांना खाजगी शिकवण्या घेण्यास मनाई केली आहे. कारखान्यातील कामगाराने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यावर १९४८ च्या कारखाना अधिनियमाने निर्बंध घातला होता. त्यामागे त्याच्या विश्रांतीचा व सुरक्षिततेचा विचार होता.

कर भरल्याने नियमबाह्य काम नियमित होत नाही. तसेच काम नियमबाह्य आहे म्हणून त्याचे उत्पन्न करमुक्तही होत नाही. परीक्षक म्हणून मिळालेले मानधन, आकाशवाणीवरील भाषणाचा मोबदला किंवा पुस्तकाचे स्वामित्वधन अशी रीतसर मिळकत असेल, तर तीही पगारात मिळवून दाखवावी.

वर्षाचा क्रम

सारांश, दोन ठिकाणी काम करणाऱ्याने वर्षाची आखणी पुढीलप्रमाणे करावी. एप्रिलमध्ये दोन्ही पगारांची एका कागदावर बेरीज करून येणाऱ्या कराचा अंदाज घ्यावा; एका नियोक्त्याची निवड करून त्याला दुसऱ्या पगाराची माहिती लेखी द्यावी आणि त्याची पोच घ्यावी. व्यवसाय कराची नावनोंदणी करून प्रमाणपत्रे द्यावीत व ३० जूनची मुदत पाळावी. माहिती द्यावयाची नसेल तर आगाऊ कराच्या चार तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण करून ठेवाव्यात. पगारवाढ किंवा बोनस मिळाल्यास हिशेब पुन्हा करावा. वर्ष संपल्यावर दोन्ही नियोक्त्यांकडून करकपातीची प्रमाणपत्रे मागून घ्यावीत. एकावर विसंबून विवरणपत्र भरू नये. वार्षिक माहिती विवरणाशी ती ताडून पाहावीत आणि मुदतीत विवरणपत्र सादर करावे. पगारदारांसाठी नेहमीची मुदत ३१ जुलै ही असते. २०२५ मध्ये ती वाढविण्यात आली होती, परंतु वाढीव मुदतीच्या भरवशावर राहणे इष्ट नव्हे. मुदत टळल्यास ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क द्यावे लागते. मागील वर्षांत दुसरा पगार दाखवावयाचा राहून गेला असल्यास, नोटीस येण्याची वाट न पाहता अद्ययावत विवरणपत्र भरून चूक सुधारण्याचा मार्ग कायद्याने खुला ठेवला आहे. जितका उशीर, तितका त्यावरील जादा कर अधिक, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

ही माहिती शाळेच्या शिक्षकसभेत किंवा ग्रामसभेनंतर चार लोकांना समजावून सांगणे अवघड नाही. वरचे एकच उदाहरण फळ्यावर मांडले, तरी पुष्कळांना आपला हिशेब करून पाहण्याची इच्छा होईल. पहाटेची गाडी पकडून रात्री उशिरा घरी परतणाऱ्या माणसाने कष्टाने मिळविलेल्या दुसऱ्या पगारातील एकही रुपया व्याजात किंवा दुहेरी कपातीत जाऊ नये आणि राज्याचा एकही रुपया बुडू नये, या दोन्ही गोष्टी एकाच उपायाने साधतात. वर्षाच्या आरंभी, एका कागदावर, स्वतःच्या हाताने केलेली बेरीज हाच तो उपाय होय.